दहा हजारांत आठ

सोमवारी रजोनिवृत्तीच्या त्रासावरच्या हार्मोन जेलची आठवी ट्यूब संपली. नवी घ्यायला फार्मसीत गेले तर काउंटरवरच्या मुलाने ती कागदी पिशवीत घातली, वर स्टेपल मारला आणि माझ्याकडे न बघता पुढे केली. आठ महिन्यांपूर्वी मला ते बरंच वाटलं होतं. ह्या वेळी मी पिशवी तिथेच उघडली आणि ट्यूबवरची तारीख तपासली, इतर औषधांची तपासते तशी. मागे दोन बायका उभ्या होत्या. त्यातली एक बाहेर पायऱ्यांवर माझ्यासाठी थांबली. "ते लावल्याने कॅन्सर होतो ना गे?" तिने हळूच विचारलं. तिची बस आली, माझं सांगणं अर्धं राहिलं. म्हणून इथे सगळं लिहिते.

मी गोव्यात, डिचोलीला एका पतसंस्थेत कर्जखाती सांभाळते, बावीस वर्षं झाली. वय ५०. शेवटची पाळी ४८व्या वर्षी येऊन गेली. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. आपल्याकडे ती साधारण ४६-४७च्या सुमारास येते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. त्रास मात्र त्याच्या आधीपासूनच सुरू होऊ शकतो.

माझा सुरू झाला चवथीच्या दिवसांत. आरतीला घुमट वाद्याचा ठेका चढत गेला, कापराचा धूर, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली दाटीवाटीने वीसेक माणसं, आणि छातीच्या मध्यावर काहीतरी पेटून वर मान, कान, कपाळापर्यंत गेलं. ब्लाउज पाठीला चिकटला. थोड्या वेळाने तेच अंग गार, थंडी वाजल्यासारखं. गर्दीने झालं असेल म्हटलं. मग ते रात्री यायला लागलं. अडीचच्या सुमारास, रोज. उशी ओली, गाऊन ओला. मी उठून वसरीत जायचे आणि तांबड्या शिमिटाच्या जमिनीवर गाल टेकून आडवी व्हायचे. जमीन कुठे जास्त गार असते ते मला अंधारातही कळायला लागलं होतं: तुळशीकडच्या दाराशी, जिथे फटीतून वारा येतो. पोदेराचा, म्हणजे सकाळी पाव विकायला येणाऱ्याचा, भोंपू ऐकू येईपर्यंत तिथेच.

हे सहा महिने चाललं. मग एक दिवस मी गावकर आडनावाच्या एका कर्जदाराचा हप्ता दुसऱ्या गावकरांच्या खात्यात टाकला. दोन दिवसांनी सापडलं, दुरुस्त झालं, कोणाचं नुकसान झालं नाही. पण बावीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं. त्या दुपारी मी खिडकीशी उभी राहून रडले.

पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी छातीतल्या धडधडीसाठी ईसीजी काढला, थायरॉइड बघितलं. दोन्ही नीट. ते करायलाच हवं होतं. मग म्हणाले, "वय झालं की हे व्हायचंच, थोडं सहन करायचं," आणि झोपेची गोळी लिहून दिली. मला राग आला तो गोळीचा नव्हे. माझ्या घामाबद्दल बोलताना ते सगळा वेळ माझ्या नवऱ्याकडे बघत होते, ह्याचा आला. अजून येतो.

म्हापशाच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे मी एकटी गेले. त्यांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं, मग कारण सांगितलं. अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की मेंदूतला शरीराचं तापमान सांभाळणारा भाग हळवा होतो. अंग किंचित जरी तापलं तरी त्याला वाटतं फार तापलं, आणि तो लगेच रक्तवाहिन्या रुंद करतो, घाम सोडतो. म्हणजे वसरीत आडवी पडणारी मी काही कल्पनेने आजारी नव्हते. हे ऐकूनच निम्मं ओझं उतरलं.

मग त्यांनी हार्मोनच्या उपचाराचं नाव काढलं आणि मी खुर्चीत मागे सरले. माझी एक मावसबहीण नर्स होती. २००२ साली तिने घरी येऊन सांगितलं होतं की त्या गोळ्यांनी स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो. तो आकडा मी तेव्हापासून जपून ठेवला होता. मी डॉक्टरांना तोच सांगितला.

"२६ टक्के कशाचे?" त्यांनी विचारलं.

मी गप्प बसले. कारण हाच प्रश्न मी रोज विचारते. कर्जदार येऊन "इतके टक्के" म्हणतो तेव्हा मी म्हणते, मुद्दल किती, किती दिवसांवर, ते आधी सांगा. आणि स्वतःच्या शरीराच्या बाबतीत मी वीसेक वर्षं मुद्दल न विचारता टक्का धरून बसले होते.

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला लिहून दाखवलं. तो कागद माझ्या पाकिटात आहे. अमेरिकेतली विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह ही चाचणी, गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायका. निम्म्यांना हार्मोनची गोळी, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी. जुलै २००२मध्ये हा भाग मध्येच थांबवला. खरी गोळी न घेणाऱ्या १० हजार बायकांमागे वर्षाला ३० जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, घेणाऱ्यांत ३८ जणींना. वर ८. तीसवर आठ म्हणजे २६-२७ टक्के, आकडा खोटा नव्हता. पण तो १० हजारांतल्या आठांचा होता. मेंदूचा झटका ८ जणींना जास्त, फुप्फुसातली गुठळी ८ जणींना जास्त, हृदयाचा त्रास ७ जणींना जास्त. उलट कंबरेचं हाड मोडणं ५ जणींचं टळलं, मोठ्या आतड्याचा कॅन्सर ६ जणींचा.

आठ म्हणजे काही नाही, असं मी म्हणणार नाही. त्या आठांत असेल तिच्या घरी जाऊन हे गणित सांगता येणार नाही. पण त्या बायका कोण होत्या तेही बघायला हवं. वय ५० ते ७९, सरासरी ६३. बऱ्याच जणींची पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेली. औषध गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन, पोटात घ्यायची गोळी, आणि जोडीला प्रयोगशाळेत बनवलेलं एक प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉन ह्या दुसऱ्या स्त्री-हार्मोनसारखं औषध. ज्यांचं गर्भाशय काढलेलं होतं त्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं गेलं, आणि त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढलाच नाही. हा दुसरा भाग २००४मध्ये थांबवला तो झटक्याच्या धोक्यामुळे. आता एवढं कळलं आहे की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास असलेल्या आणि बाकी तब्येत ठीक असलेल्या बाईला सुरू केलं तर फायद्याचं पारडं बहुधा जड असतं. पण हृदयरोग टाळायला किंवा स्मरणशक्ती टिकवायला म्हणून ते कोणी घेऊ नये, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मला जेल का, तर गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. कातडीतून गेलेलं इस्ट्रोजेन थेट रक्तात मिसळतं. नेहमीच्या मात्रेत त्याने गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही. आणि माझं गर्भाशय जाग्यावर आहे म्हणून जोडीला रोज रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. नुसतं इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं आणि त्यातून अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो, हे १९७५मध्येच अमेरिकेत लक्षात आलं होतं. कॅप्सूल ती वाढ आवरते. तिने झोपही येते, म्हणून रात्रीची.

सुरू करण्याआधी रक्तदाब आणि मॅमोग्राफी. 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' मोहिमेच्या स्तन-तपासणीत माझं नीट आलं होतं, पण त्या म्हणाल्या, ते वेगळं, मॅमोग्राफी करून ये. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, गुठळी, झटका किंवा हार्ट अटॅक येऊन गेला असेल, यकृताचा आजार चालू असेल, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर हा उपचार सहसा देत नाहीत. हे प्रश्न न विचारता कोणी लिहून देत असेल तर तिथून उठावं.

जेल आंघोळीनंतर मांडीवर लावते. स्पिरिटचा वास येतो, कातडीला गार लागतं, थोड्या वेळात सुकतं. छातीवर लावायचं नाही. हात साबणाने धुवायचे. जावेची नात येऊन मांडीवर बसते, म्हणून सुकून साडी नेसेपर्यंत मी दार उघडत नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी पोदेराचा भोंपू ऐकला तो गादीवर पडून. उशी हाताने चाचपून बघितली. कोरडी होती.

मध्ये एकदा घाबरले. दुसऱ्या महिन्यात डाग दिसले. संध्याकाळची वेळ, देवाकडे दिवा मी लावते. सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी क्षणभर बघितलं आणि वात स्वतः घेतली. "आमकांय जालें हें. आमी खंय गुळयो घेतल्यो?" म्हणाल्या. रागाने नव्हे, खरंच कळत नव्हतं त्यांना. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, पहिल्या तीन ते सहा महिन्यांत असे डाग येऊ शकतात. सहा महिन्यांनंतर आले किंवा जोरात जायला लागलं तर वाट बघायची नाही, सोनोग्राफी करून अस्तर बघायचं. माझे चार दिवसांत थांबले. सासूबाई ७१व्या वर्षी न्हाणीत घसरल्या आणि कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून वॉकर. पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं भराभर झिजतात. इस्ट्रोजेन घेतात तोवर ही झीज आवरते. त्यांना वेळेवर मिळालं असतं तर ते हाड वाचलं असतं, असं मी म्हणत नाही. पण वॉकरचा आवाज आला की पाकिटातल्या कागदावरचे ते पाच आठवतात.

माझ्या थोरल्या जाऊबाई ५३च्या. माझं बघून त्यांनीही जेल आणायचं ठरवलं होतं, माझंच प्रिस्क्रिप्शन दाखवून. मी दिलं नाही आणि त्या आठवडाभर बोलल्या नाहीत. दुसऱ्या बाळंतपणानंतर त्यांच्या डाव्या पोटरीत गुठळी झाली होती, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात बारा दिवस होत्या. शेवटी मी त्यांना घेऊन गेले. गोळी नाहीच, डॉक्टर म्हणाल्या, आणि जेलही रक्ताच्या तज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय नाही. त्यांना डिप्रेशनवरचं एक औषध कमी मात्रेत दिलं, त्याने गरम वाफा कमी होतात. पाकिटावरचं वाचून त्या घाबरल्या आणि स्ट्रिप तांदळाच्या डब्यात लपवली. मी सापडवली आणि दोघी मिळून रोज रात्री जेवणानंतर आपापलं घ्यायचं ठरवलं. आता त्यांना दिवसात तीन-चारदा येतं, आधी दहा-बारादा यायचं.

गेल्या बुधवारी दोघींची तपासणी होती. बाजाराची गर्दी, बसमध्ये उभ्यानेच निघालो. वहिनींनी प्रश्न कागदावर लिहून आणले होते, दोन. अस्नोडा मागे गेल्यावर त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. लघवीला जळजळतं, सारखं इन्फेक्शन होतं, आणि भाऊजी जवळ आले की दुखतं. तीन वर्षं झाली, कोणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, हे सांगाच. ह्याला फक्त त्या जागी लावायचं क्रीम असतं, रक्तात जवळजवळ जात नाही. गुठळीवाल्यांनाही देतात असं ऐकलंय, पण तुम्हाला चालेल का ते त्याच सांगतील."

त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं. बस हलत होती, म्हणून कागद माझ्या पाठीवर धरून तिसरा प्रश्न लिहिला.