स्पिनपासून सुरुवात: कच्च्या गणितावर क्वांटमचा अभ्यास

क्वांटम मेकॅनिक्स, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनसारख्या सूक्ष्म कणांचं भौतिकशास्त्र, मी स्वतःच शिकतेय. श्रोडिंजरचं समीकरण, म्हणजे या विषयाचं मूळ समीकरण, सध्या बाजूला ठेवलंय आणि सुरुवात स्पिनपासून केलीय. स्पिन म्हणजे कणाचा अंगभूत गुण, ज्यामुळे तो छोट्या चुंबकासारखा वागतो. गणित कच्चं असणाऱ्यांनी याच वाटेने जावं, असं माझं आता ठाम मत झालंय. १९२६ च्या त्या समीकरणाला पार्शल डेरिव्हेटिव्ह लागतात. साधा हायड्रोजनचा अणू सोडवायचा तरी बरंच कॅल्क्युलस हाताखाली असावं लागतं. स्पिनला लागतात दोन संमिश्र संख्या (−१ चं वर्गमूळ चालणाऱ्या संख्या) आणि दोन बाय दोनची मॅट्रिक्स, म्हणजे चार आकड्यांची चौकट. बेरीज, गुणाकार, वर्ग. आणि एवढ्यात सुपरपोझिशन (दोन अवस्थांचं मिश्रण), मोजमापाचा परिणाम, एकाच वेळी ठाम सांगता न येणाऱ्या राशी, हे सगळं येतं.

स्पिनचा परिणाम ज्यात दिसला तो प्रयोग असा: १९२२, फ्रांकफुर्ट, श्टेर्न आणि गेरलाख. चांदीचे अणू असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडले. जुन्या भौतिकशास्त्रानुसार पट्टीवर सलग पसरट डाग पडायला हवा होता. प्रत्यक्षात झोताचे दोन भाग झाले. स्पिनची कल्पना त्यानंतर तीन वर्षांनी, १९२५ मध्ये मांडली गेली.

आता माझ्या वहीतलं या वेळचं सगळ्यात आवडतं पान. क्वांटममध्ये ‘आय’, म्हणजे −१ चं वर्गमूळ, हवंच कशाला, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता. सोयीसाठी घेतात, असं वाचलं होतं आणि ते पटत नव्हतं. तर असं बघा. अणूची अवस्था दोन आकड्यांनी लिहायची, पहिल्याचा वर्ग म्हणजे तो झेडच्या चुंबकात वर जाण्याची शक्यता, दुसऱ्याचा वर्ग म्हणजे खाली जाण्याची. झेड दिशेत ‘वर’ म्हणजे (१, ०) आणि ‘खाली’ म्हणजे (०, १). एक्स दिशा झेडशी काटकोनात आहे, म्हणून एक्समधला ‘वर’ अणू झेडच्या चुंबकातून सोडला की निम्म्या वेळा वर, निम्म्या वेळा खाली जातो. म्हणजे दोन्ही आकड्यांचा वर्ग १/२ हवा. वास्तव संख्यांत याचे पर्याय दोनच: (१, १) आणि (१, −१), दोन्ही √२ ने भागून. सगळ्याचं चिन्ह एकदम उलटवलं तर अवस्था तीच राहते, त्यामुळे तिसरा पर्याय नाही. एक ‘एक्स वर’ला दिला, दुसरा ‘एक्स खाली’ला.

पण वाय दिशा अजून बाकी आहे! तीही झेडशी काटकोनात, तिलाही निम्मे-निम्मेच हवेत, आणि जागा तर संपली. इथे (१, आय) लिहून पाहा, √२ ने भागून. झेडशी निम्मे-निम्मे जमतं. एक्सशी ताडून पाहिलं तर (१ + आय)/२ मिळतं, त्याच्या परिमाणाचा वर्ग २/४, म्हणजे पुन्हा १/२. अवकाशाला तीन दिशा आहेत म्हणून इथे संमिश्र संख्या लागतात. हे कागदावर उतरलं तेव्हा मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

अर्ध्या कोनाचं कोडंही सुटलं. चुंबक थीटा कोनात कलवला तर अणू ‘वर’ जाण्याची शक्यता थीटाच्या अर्ध्याच्या कोसाइनचा वर्ग. ६०° ला ३/४, ९०° ला १/२. अर्धा का? वर आणि खाली या दिशा अवकाशात १८०° वर आहेत, पण (१, ०) आणि (०, १) हे व्हेक्टर एकमेकांशी ९०° करतात. हिशोब तिथेच निम्मा होतो. यातूनच निघतं की पूर्ण ३६०° फिरवल्यावर अवस्थेचं चिन्ह उलटतं. १९७५ मध्ये न्यूट्रॉनवर ते प्रयोगाने दिसलंही.

मॅट्रिक्सचा गुणाकार हाताने करा, कॅल्क्युलेटर नको. स्पिनच्या प्रत्येक दिशेसाठी एक दोन बाय दोनची मॅट्रिक्स असते, तिला भौतिकशास्त्रज्ञ पाउलीचं नाव आहे. पाउलीची एक्सची मॅट्रिक्स गुणिले झेडची, मग क्रम उलटा. उत्तरं एकमेकांच्या उलट चिन्हाची येतात. क्रम बदलला की उत्तर बदलणारा हा गुणाकार १९२५ मध्ये हायझेनबर्गला सापडला तेव्हा या मॅट्रिक्स आहेत हे त्याला माहीत नव्हतं, ते बोर्नने ओळखलं. यावरून गणिताशिवाय भागतं असं मात्र समजू नये. हायझेनबर्गचं बाकीचं गणित चांगलंच पक्कं होतं. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की गरज पडेल तेव्हा गरजेपुरतं गणित शिकणं ही कमअस्सल वाट नाही.

व्हिडिओ मी अजूनही बघते, पण एक नियम पाळते: प्रयोगाची मांडणी कळली की थांबायचं, उत्तर आधी आपण काढायचं, मग पुढे बघायचं. नुसतं ऐकून कळल्यासारखं वाटतं. आकडा जुळला की खरंच कळलेलं असतं.

कॅल्क्युलस हळूहळू चालू आहे. सध्या फक्त घातांकी फलन आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह, कारण चुंबकीय क्षेत्रात स्पिन कसा फिरत राहतो ते काढायला तेवढंच लागतं. त्यानंतर दोन स्पिन एकत्र, म्हणजे चार आकड्यांचा व्हेक्टर, आणि बेलची १९६४ ची असमता, म्हणजे दोन कणांच्या मोजमापांचा एकमेकांशी मेळ जुन्या विचाराने किती असू शकतो याची मर्यादा. तिच्या नंतरच्या एका रूपात जुन्या विचाराने या मेळाच्या आकड्यांची बेरीज २ च्या वर जाऊ शकत नाही आणि क्वांटममध्ये ती २√२ पर्यंत पोचते. लागणारे कोन ४५° च्या पटीतले आहेत, गुणाकार ओळखीचे आहेत. तो २√२ मला स्वतःच्या हाताने काढायचाय. कोणी आधीच काढला असेल तर कोन कसे निवडले ते सांगा, पण उत्तराची पायरी लिहू नका.