नव्या हॅम मंडळींचा पहिला डायपोल

आज हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या नव्या मंडळींनी 145 मेगाहर्ट्झचा डायपोल, म्हणजे दोन सारख्या तारांची साधी अँटेना, बांधला. हिशेब सोपा: 143 हा ठरलेला आकडा भागिले 145 मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये, म्हणजे साधारण 98.6 सेंमी, एक बाजू 49. पण प्रत्येक बाजूची तार कापायची 52 सेंमीच, नंतर छाटता येते. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते याचं माप, कमी तितकं चांगलं) 144 वर कमी आणि 146 वर जास्त दिसला तर तार लांब आहे. दोन्ही बाजूंनी 5-5 मिमी काढा, रेझोनन्स, म्हणजे अँटेना जिथे सर्वात चांगली जुळते ती फ्रिक्वेन्सी, सुमारे दीड मेगाहर्ट्झ वर सरकतो.

खरी गोची कनेक्टरमध्ये होते. आरजी-58 ही कोएक्स केबल सोलताना जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकतो आणि मग कितीही छाटा, एसडब्ल्यूआर उतरतच नाही! म्हणून आधी मल्टिमीटर लावा. साध्या डायपोलला मधली पिन आणि बाहेरचं कवच यांच्यात बीप वाजता कामा नये.

लायसन्स हातात येईपर्यंत पीटीटीला (बोलण्यासाठी दाबायच्या बटणाला) हात नको. मोजमाप नॅनोव्हीएनए या छोट्या अँटेना-मोजणी यंत्रावर होतं. पुढे रिपीटर (सिग्नल पकडून पुन्हा लांबवर पाठवणारं केंद्र) ऐकू येतो पण उघडत नाही, असं झालं तर रेडिओला दोष देऊ नका. बहुतेक वेळा 600 किलोहर्ट्झचा ऑफसेट (ऐकण्याच्या आणि पाठवण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) किंवा सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडणारा बारीक सूर) टाकायचा राहिलेला असतो.