सहा आठवडे आणि सहा ओळी

सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून उत्खनन थांबले. आमच्या डिचोली तालुक्यात या बातमीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. २०१२ च्या खाणबंदीतून जेमतेम सावरलेल्या माझ्या दादाने खनिज वाहण्यासाठी बँकेचे कर्ज काढून दुसरा ट्रक घेतला होता. मार्चनंतर दोन्ही ट्रक अंगणाच्या कडेला ताडपत्रीखाली उभे राहिले आणि हप्त्याची तारीख मात्र दर महिन्याला येत राहिली.

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा दादाची झोप जवळजवळ गेली होती. एका रात्री जेवता जेवता तो वहिनीला म्हणाला, "मी नसलो तर निदान विम्याचे पैसे तरी येतील." वहिनीने दुसऱ्या दिवशी मला शाळेत फोन करून हे सांगितले. त्यानंतर नऊ दिवस मी रोज माहेरी गेले, दादाशी पावसाबद्दल, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलले, पण ज्यासाठी गेले होते ते एकदाही विचारले नाही. आपण विचारले तर नसलेला विचार त्याच्या मनात शिरेल, अशी मला भीती वाटत होती. ती भीती खरी होती, पण तिचा आधार चुकीचा होता, हे मला नवव्या दिवसानंतर कळले.

आधी आम्ही एका खासगी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्तदाब तपासला, "मन घट्ट करा, पुरुषासारखा पुरुष तुम्ही," असे सांगितले आणि शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या. परतीच्या वाटेवर दादा एक शब्दही बोलला नाही. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते हे मी जाणते, तरीही त्या वाक्याने आमचे तीन दिवस वाया गेले हे लिहिल्यावाचून राहवत नाही. पुढे माझ्या शाळेतील एका सहकारी बाईंनी ज्यांचे नाव सुचवले, त्या समुपदेशक ताईंकडे मी दादाला घेऊन गेले. त्यांची खोली लहान होती, खिडकीबाहेर पागोळ्या गळत होत्या, आणि टेबल आमच्या मध्ये न ठेवता भिंतीला लावलेले होते.

पहिली पंधरा मिनिटे त्यांनी दादाला कर्जाचे सगळे आकडे सांगू दिले. मध्ये तोडले नाही, उपाय सुचवला नाही. मग सरळ विचारले, "भाऊ, इतका ताण असताना जीव संपवावा असा विचार मनात येतो का?" माझ्या हातापायांतील बळच गेले. दादाने मान खाली घातली आणि "येतो" असे म्हटले. त्यानंतर किती वेळा येतो, शेवटचा कधी आला, काही ठरवले आहे का, हे सगळे त्यांनी त्याच स्थिर आवाजात विचारून घेतले. उत्तरे देताना दादाचे खांदे हळूहळू सैल पडत गेले, हे मी बाजूच्या खुर्चीवरून पाहिले. बाहेर आल्यावर ताई मला म्हणाल्या की असे थेट विचारल्याने विचार पेरला जात नाही. जो माणूस तो विचार एकटा वाहतो आहे त्याला तो खाली ठेवायला जागा मिळते, आणि धोका किती आहे हे विचारल्याशिवाय कळतच नाही. त्याच आठवड्यात त्यांनी आम्हाला बांबोळीला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. तिथे झोपेसाठी औषध सुरू झाले आणि समुपदेशन ताईंकडेच चालू ठेवायचे ठरले.

आईला वेगळीच काळजी लागली होती. "हे कागदावर आले तर पोलीस येतील का?" असे तिने मला स्वयंपाकघरात कुजबुजत विचारले. तिच्या पिढीने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा असल्याचेच ऐकले होते. ताईंनी तिला बोलावून सांगितले की नुसता विचार मनात येणे हा कधीच गुन्हा नव्हता. शिवाय २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, प्रयत्न करणारा माणूसही तीव्र तणावाखाली होता असेच धरले जाते आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. आईला कलम समजले नसेल, पण त्यानंतर तिने दार लावून कुजबुजणे सोडले.

दुसऱ्या भेटीतील एक गोष्ट मला आजही जशीच्या तशी दिसते. ताईंनी एक कोरा कागद आणि पेन दादाच्या हाती दिले आणि त्याच्याकडून सहा ओळी लिहून घेतल्या. बिघडायला लागल्याची खूण कोणती, ही पहिली ओळ. दादाने लिहिले, "पहाटे तीनला उठून हिशेबाची वही उघडणे." एकट्याने काय करता येईल, ही दुसरी. मन दुसरीकडे वळेल अशी माणसे आणि जागा, ही तिसरी. मदत मागता येईल अशी माणसे, ही चौथी, आणि तिथे त्याने वहिनीचे व माझे नाव लिहिले. पाचव्या ओळीत ताईंचा आणि बांबोळीचा क्रमांक. सहावी ओळ घर सुरक्षित करण्याची होती, आणि ती आम्हा सगळ्यांना मिळून पाळायची होती. अशा आराखड्याची पद्धत स्टॅन्ली आणि ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बांधलेली आहे, हे मी मागाहून वाचले. त्या दिवशी मात्र मला इतकेच जाणवले की कागदावरचे अक्षर दादाचे होते आणि त्यामुळे तो कागद त्याचा होता.

सहाव्या ओळीपाशी एक अडचण आली. घरातील औषधे त्याच्या हाताशी राहू नयेत असे ताईंचे म्हणणे होते, पण आईच्या गोळ्या वेळच्या वेळी देण्याचे काम दादाचेच होते. त्याआधी थोड्याच वेळापूर्वी ताईंनी त्याला, शून्य म्हणजे सगळ्यात वाईट आणि दहा म्हणजे सगळे ठीक, या मापावर आज कुठे आहात, असे विचारले होते आणि तो "तीन" म्हणाला होता. "मग एक का नाही?" असा त्यांचा पुढचा प्रश्न होता. बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, "आईच्या गोळ्यांच्या वेळा घरात फक्त मलाच पाठ आहेत." जे त्याला धरून ठेवत होते तेच काढून घेणे कोणालाही पटेना. शेवटी तोडगा निघाला. औषधांचा डबा वहिनीने कुलपात ठेवायचा, रोज सकाळी फक्त त्या दिवसाच्या आईच्या गोळ्या स्टीलच्या वाटीत काढायच्या आणि ती वाटी दादाकडे द्यायची. ती वाटी आजही देवघराशेजारच्या फळीवर आहे.

संकटाच्या वेळी दिल्या जाणाऱ्या अशा मोजक्या भेटींच्या समुपदेशनाबद्दल मी नंतर जे वाचले, त्यातून त्या खोलीत घडलेले मला अधिक उमगले. १९४२ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसे दगावली. वाचलेल्यांच्या आणि नातलगांच्या दुःखाचा मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडमन यांनी अभ्यास केला, आणि पुढे दुसरे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड कॅप्लन यांनी मांडले की तीव्र मानसिक संकटाची अवस्था साधारण चार ते सहा आठवडे टिकते व त्या काळात मिळालेली थोडी मदतही माणसाला कोणत्या दिशेने नेईल हे ठरवू शकते. त्या मुदतीत दादाचे बालपण, स्वभाव, बाबांशी झालेले जुने वाद यांत ताई का शिरल्या नाहीत, हे मला तेव्हा कळले नव्हते. मला ते अपुरे वाटले होते. आता माझे मत पक्के आहे की तेच बरोबर होते. बुडणाऱ्या माणसाला आधी काठावर आणायचे असते, पोहायला का शिकला नाहीस हे तेव्हा विचारायचे नसते.

गावात भेटायला येणारे नातलग मात्र दादाकडून सगळी कहाणी पुन्हा पुन्हा वदवून घेत. ताईंनी मला ते थांबवायला सांगितले. माणूस आपणहून बोलला तर ऐकावे, पण त्याला उकरून उकरून सांगायला लावू नये, कारण त्याने ताण हलका होईलच असे नाही, उलट वाढूही शकतो. मी काकांना अंगणातच थांबवून हे सांगितले. ते रागावले. दोन महिन्यांनी त्यांचा राग गेला.

तिसऱ्या भेटीपासून कामे सुरू झाली, आणि ती मुद्दाम लहान होती. बँकेला हप्ते पुढे ढकलण्याबाबत अर्ज लिहायचा, एवढेच एका आठवड्याचे काम. तो मी शाळेच्या संगणकावर टंकून दिला आणि दादाने स्वतः नेऊन दिला. दुसरे काम पखवाजाचे होते. दादा आमच्या भजनी मंडळात वाजवायचा, पण मार्चपासून त्याने पखवाजाला हात लावला नव्हता. "मंडळात जायचे नाही, वाजवायचेही नाही, फक्त कणीक लावून ठेवायची," असे ताईंनी सांगितले. त्या गुरुवारी मी मुद्दाम गेले होते. दादाने खोळ काढली, वहिनीकडून भिजवलेल्या कणकेचा गोळा घेतला आणि डाव्या तोंडावर अंगठ्याने दाबत दाबत तो बसवला. मग कान लावून एकच थाप मारली. आतल्या खोलीतून आईने विचारले, "सूर उतरलाय ना रे?" "उतरलाय," तो म्हणाला आणि वाद्या ओढून घ्यायला बसला. आषाढी एकादशीला तो मंडळात मागच्या रांगेत बसला, आणि त्यानंतरच्या एकादशीला पखवाज त्याच्या मांडीवर होता.

मनाला आवडणाऱ्या कृतीकडे माणसाला पायरीपायरीने परत नेण्याच्या या रीतीची कसोशीने चाचणी आपल्याच गोव्यातील आरोग्य केंद्रांत झालेली आहे. 'संगात' या संस्थेने, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांचे समुपदेशन दिले, आणि त्याचा गुण येतो हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे वाचून मला फार बरे वाटले, कारण पखवाजाची कणीक हा ताईंचा लहरी उपाय नव्हता.

सहावी भेट शेवटची असेल हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्या दिवशी दादाने मापावर "सहा, कधी कधी सात" असे सांगितले. कर्ज तेवढेच होते. ताईंनी कागदाच्या दोन प्रती काढल्या आणि पुन्हा तसे दिवस आले तर कोणत्या ओळीपासून सुरुवात करायची, हे त्याच्याकडून म्हणून घेतले. एक प्रत वहिनीकडे राहिली. दुसरी त्याने परवान्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात घातली. आता कोणी मला अशा वेळी काय करावे असे विचारते तेव्हा मी आधी त्या माणसाला थेट विचारायला सांगते, त्याला एकटे सोडू नका म्हणते, आणि ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा, मोफत क्रमांक लिहून देते.

दादाने एक ट्रक विकला, दुसऱ्यावर चिरे आणि रेतीची भाडी करतो. २०२१ च्या पावसात एका रात्री अकराच्या सुमारास त्याचा फोन आला. नमस्कार चमत्कार काही नाही. "पहिल्या तीन ओळी करून झाल्या गं," तो म्हणाला, "आता चौथीवर आलोय. जरा बोल." मी उठून बाहेर ओसरीवर आले, खुर्ची ओढली आणि आधी ते विचारले जे त्या नऊ दिवसांत विचारायला धजले नव्हते. तो म्हणाला, "विचार येऊन गेला, ठरवलेले काही नाही." मग आम्ही पाऊण तास बोलत बसलो.