तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात गूढ बेपत्ता माणूस कोण?

लग्नाच्या पंगतीत, रंकाळ्यावर फिरताना, नाहीतर कोजागिरीचं दूध आटत असताना हा प्रश्न हटकून येतो. "तुम्हाला बेपत्ता माणसांच्या गोष्टींचा एवढा नाद, मग त्यातलं सगळ्यात गूढ प्रकरण कुठलं?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उत्तर तयार असतं. पोरांना 1971 साली दोन लाख डॉलर घेऊन चालत्या विमानातून उडी मारणारा कूपर हवा असतो, ज्येष्ठांना नेताजी. नेताजींवर मी तोंड उघडत नाही. त्या विषयावर बसलेली बैठक आमच्या कोल्हापुरात चहाच्या एका फेरीत उठत नाही.

मी म्हणतो, सदाशिवरावभाऊ. समोरच्याचा चेहरा पडतो. "अहो, ते तर पानिपतात पडले!"

पडलेच. आणि त्यांचा देहही सापडला. तरी मी त्यांचंच नाव घेतो. पण आधी बाकीच्यांचं का घेत नाही ते सांगतो.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला फ्लॅनन बेटं आहेत. तिथल्या दीपगृहावर 26 डिसेंबर 1900 ला बदलीचा माणूस घेऊन बोट गेली, तर तिन्ही राखणदार गायब. ही गोष्ट सांगणारा प्रत्येक जण पुढं अर्धवट जेवलेलं ताट आणि उलटी पडलेली खुर्ची दाखवतो. अंगावर काटा येतो खरा, पण ते ताट तिथं नव्हतंच. 1912 मध्ये एका इंग्रज कवीनं या घटनेवर कविता केली, तिच्यातून ते आलं. प्रत्यक्षात स्वयंपाकघर आवरून ठेवलेलं होतं. चौकशी करणाऱ्या अधीक्षकाचा अहवाल कुणी वाचत नाही, कारण त्यात भूत नाही. पश्चिमेच्या धक्क्याजवळ, समुद्रापासून तीसेक मीटर उंचीवर ठेवलेली पेटी फुटून आतले दोर विखुरले होते. लोखंडी कठडे वाकले होते. दोघांचे पावसाळी कोट जागेवर नव्हते, तिसऱ्याचा मात्र खुंटीलाच होता. दोघं सामान वाचवायला खाली गेले असावेत, तिसरा त्यांच्यासाठी तसाच पळत सुटला असावा आणि लाटेनं तिघांनाही ओढलं असावं. देह मिळाले नाहीत, म्हणून 'असावं'. पण 2019 चा पंचगंगेचा पूर ज्यानं गच्चीवरून पाहिलाय, त्याला पाणी काय करू शकतं हे समजावून सांगावं लागत नाही.

अमेरिकन वैमानिक अमेलिया एअरहार्टचंही तेच. 2 जुलै 1937 ला न्यू गिनीतल्या ले इथून ती आणि तिचा दिशादर्शक फ्रेड नूनन निघाले. पॅसिफिकमध्ये चार हजार किलोमीटरवर हाउलँड नावाचं बेट गाठायचं होतं, जेमतेम दोन किलोमीटर लांबीचं आणि पाण्याच्या वर काही मीटर. आम्ही तुमच्यावरच असायला हवं पण तुम्ही दिसत नाही, इंधन कमी आहे, असा तिचा निरोप खाली थांबलेल्या जहाजानं ऐकला. जहाजाचं बोलणं मात्र तिला नीट ऐकू जात नव्हतं. ती जपान्यांवर हेरगिरी करत होती इथपासून दुसऱ्याच नावानं म्हातारी झाली इथपर्यंत सगळं लिहून झालंय. मला तिथं दिसतं ते लहान बेट, मोठा समुद्र आणि रिकामी होत आलेली टाकी.

शिवाय माग उशिरानं का होईना, लागतो. एव्हरेस्टवर 8 जून 1924 ला दिसेनासे झालेल्या दोघा गिर्यारोहकांपैकी मॅलरीचा देह 1999 मध्ये मिळाला. अर्विनचा एक बूट 2024 मध्ये हिमनदीवर सापडला, आत पाऊल होतं आणि मोज्यावर शिवलेली नावाची पट्टी. शंभर वर्षं झाली होती. मलेशियाचं एमएच 370 हे विमान 8 मार्च 2014 ला 239 माणसांसह गेलं. पुढच्याच वर्षी त्याच्या पंखाचा तुकडा हिंदी महासागर ओलांडून रियुनियन बेटाच्या किनाऱ्याला लागला. विमान ठरलेली वाट सोडून का वळलं हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही, पण त्याला काहीच मागे न ठेवता गेलं म्हणता येत नाही.

आता भाऊ. 14 जानेवारी 1761 ची लढाई संपली आणि भाऊ कुठं गेले हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. अवधचा नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज पंडित होते. रणांगणातल्या प्रेतांच्या ढिगातून शिर नसलेला एक देह काढला, ओळखणाऱ्यांनी अंगावरच्या खुणांवरून तो भाऊंचा ठरवला आणि त्याला रीतसर अग्नी दिला, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. आजच्या पोलीस तपासातही याहून फार वेगळं होत नाही.

तरी पुण्यात भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. आणि थोड्याच वर्षांत सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून उभा राहिला. चौकशी झाली, तोतया ठरला, कैदेत पडला. प्रकरण संपायला हवं होतं. पण 1776 मध्ये रत्नागिरीच्या सुभेदारानं, रामचंद्र नाईक परांजप्यानं, त्याला बाहेर काढून पुन्हा भाऊसाहेब केलं. आमच्याकडून आंबा घाट उतरला की लागतो तो हा मुलूख. कोकणातले किल्ले एकामागून एक त्याच्याकडं गेले, फौज जमली. पुणे दरबाराला मोहीम काढून त्याला धरावं लागलं आणि त्याच वर्षी देहदंड झाला. पंधरा वर्षांपूर्वी अग्नी दिलेल्या माणसाच्या नावावर!

लोक खुळे होते, असं मी म्हणणार नाही. राघोबादादांच्या भांडणानं दौलत पोखरली होती. त्यात कर्ता माणूस परत आला तर कुणाला नको होतं? सुभेदाराचा हिशेब वेगळा असेल, पण त्याच्या मागं गेलेल्या साध्या शिपायाला भाऊ हवेच होते. 1857 च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचंही पुढं तेच झालं. 1859 मध्ये ते नेपाळच्या तराईत शिरले आणि तिथून पुढचं काही खात्रीनं सांगता येत नाही. 1874 मध्ये ग्वाल्हेरला जयाजीराव शिंद्यांनी एकाला नाना म्हणून इंग्रजांच्या हवाली केलं, तो नाना नव्हता. म्हणून माझ्या लेखी कूपर काय किंवा एअरहार्ट काय, ही न सुटलेली गणितं. सुटलेलं गणित माणसं का मानत नाहीत, हे मला जास्त गूढ वाटतं.

कायद्यानं यावर आपली एक रेघ ओढली आहे. ज्यांना बातमी लागायला हवी अशा माणसांना सात वर्षं काही कळलं नाही, तर तो माणूस मेला असं धरून चालता येतं. मात्र तो कधी मेला हे त्यातून ठरत नाही, आणि घरच्यांची इथं फसगत होते. माणूस गेला त्याच दिवशी मेला असं समजून विम्याचे हप्ते थांबवले, तर पॉलिसी बंद पडलेली निघू शकते. जुन्या रीतीत बारा वर्षं वाट पाहून पळसाच्या पानांचा पुतळा करायचे आणि त्याला अग्नी द्यायचे, पालाशविधी. अंधश्रद्धा म्हणून हसणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण ज्यानं कुणी हे काढलं त्याला अशा घरात काय चालतं हे ठाऊक होतं.

हे सगळं ऐकून झाल्यावर कुणीतरी हळूच बाजूला घेऊन विचारतं, आमच्या पाहुण्यांतला एक जण असाच गेलाय, काय करायचं? तेव्हा मी भाऊंचीच आठवण देतो, खुणांची. मिसिंगची तक्रार देताना 'गालावर तीळ' एवढंच सांगून बसू नका. जुनं ऑपरेशन, हाडात घातलेली पट्टी, गोंदण, बसवलेला दात, शर्टाच्या कॉलरवरची शिंप्याची पट्टी, सगळं लिहून द्या. चोवीस तास थांबायला लागतं ही अफवा आहे, लगेच जा. आणि फक्त आपल्या ठाण्यावर विसंबू नका. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढं कर्नाटकात जाते. इकडच्या ठाण्यात नाव आहे आणि माणूस नाही, तिकडच्या ठाण्यात देह आहे आणि नाव नाही, असं होऊ शकतं. सीमेपलीकडच्या ठाण्यांत जाऊन अनोळखी मृतदेहांच्या नोंदी बघायला मागा. कुणी कटकट केली तर केली.