वरचा उजवा कोपरा

गुरुवार, रात्री उशिरा

हातांना अजून फॉर्मलिनचा, मेंदू टिकवायच्या द्रावणाचा, वास येतोय. तीनदा साबण लावला, तरी नखांच्या कडेला तो बसून राहिलाय. बसू दे.

आज सकाळी डिसेक्शन हॉलमध्ये दोन तास मिळाले. वाचाघाताच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन बोलणं किंवा समजणं बिघडलेल्या, रुग्णांसोबत काम करायला लागून कितीतरी वर्षं झाली, पण रक्तवाहिन्यांसकट अख्खा मेंदू असा हातात कधी घेतला नव्हता. शिकताना पाहिला तो बरणीतला, वरून सोलून स्वच्छ केलेला. भाषेची केंद्रं त्यावर बोट ठेवून दाखवता यायची. त्यांना रक्त कुठून येतं, ते मात्र परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

सरांनी डावा गोलार्ध समोर ठेवला आणि चिमट्याने आवरण उचलायला सांगितलं. ओल्या कागदासारखं ते फाटत येतं. मग त्यांनी अंगठ्याने टेम्पोरल लोब, कानाजवळचा भाग, हळूच खाली ओढून धरला, त्याच्या वरची सिल्व्हियन खाच उघडली, आणि आत ती दिसली. मिडल सेरेब्रल आर्टरी, मेंदूची मधली धमनी, आमच्या बोलण्यातली एमसीए. जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. राखाडी पडलेली, चपटी झालेली. बोटाच्या एका पेराएवढंही पुढे जात नाही तोच ती दुभंगते, एक फांदी वरच्या अंगाला आणि एक खालच्या. दोन्ही खाचेच्या तळाशी दडलेल्या इन्सुला नावाच्या भागावरून सरकत जातात, कडेपाशी वळसा घेतात आणि बाहेर पृष्ठभागावर येऊन पसरतात. मानेतल्या कॅरॉटिड धमनीतून वर चढणारं बरंचसं रक्त हिच्यातच येतं. हृदयातून सुटलेली गुठळी इतक्या वेळा नेमकी इथेच का येऊन अडकते, ते तो मार्ग पाहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

वरच्या फांदीचा माग काढत गेले. फ्रंटल लोबच्या, कपाळामागच्या भागाच्या, खालच्या वळीवर, म्हणजे बोलण्याशी जोडलेल्या ब्रोकाच्या भागावर, तिच्या शाखा. थोडं मागे चेहरा आणि हात हलवणारी पट्टी आहे, तिच्यावरही तिच्याच. पायाची पट्टी मात्र गोलार्धाच्या आतल्या बाजूला असते आणि तिचं रक्त अँटीरियर सेरेब्रल आर्टरीचं, म्हणजे पुढच्या धमनीचं.

मला लगेच माझ्याकडे येणारे काका आठवले. स्वतःच्या पायांनी जिना चढून येतात, उजवा हात लोंबता, आणि तोंडातून एकेक शब्द ओढून काढावा लागतो. नातवंडं किती, असं विचारलं की ‘तीन’ थेट येत नाही. डाव्या हाताची बोटं उघडत ‘एक... दोन... तीन’ म्हणतात आणि तिथे थांबून माझ्याकडे बघतात. हे, हे, तीन! पाठ असलेली ओळ शाबूत असते, म्हणून तिच्यावरून चालत ते हव्या त्या शब्दापर्यंत पोचतात. चालता येतं, हात उचलत नाही, बोलणं तुटलंय: या तिन्ही गोष्टींना मी आजवर तीन वेगळे रकाने दिले होते. हात आणि बोलणं एकाच पाटाच्या पाण्यावरचे आहेत, पाय दुसऱ्या.

फ्रेंच डॉक्टर ब्रोकाने 1861 मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातल्या लबोर्न या रुग्णाचा मेंदू त्याच्या मृत्यूनंतर तपासला. ‘टां’ एवढाच उच्चार करू शकणारा माणूस. ब्रोकाने तो मेंदू न कापता जपून ठेवला, याबद्दल मला त्याच्याविषयी फार आदर वाटतो, कारण त्यामुळेच 2007 मध्ये त्याचा एमआरआय करता आला. इजा वरवर दिसते त्याहून खूप खोल, इन्सुलापर्यंत आणि आतल्या तंतूंपर्यंत गेलेली निघाली. चित्रात रंगवलेला तो एक ठिपका म्हणजे बोलणं, असं म्हणणं मी तेव्हापासून सोडलंय.

खालच्या फांदीपाशी मात्र मी अडकले. ती टेम्पोरल लोबच्या वरच्या वळीच्या मागच्या भागाला रक्त देते. जर्मन डॉक्टर वेर्निकेने 1874 मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ज्याच्याबद्दल लिहिलं तो हा भाग. इथे इजा झाली की बोलणं अस्खलित राहतं आणि अर्थ निसटतो. हातपाय बहुतेक वेळा ठणठणीत असतात, आणि तोच घात होतो. माझ्याकडे येणाऱ्या काकूंचं तसंच झालं. सकाळी उठल्या आणि बोलत सुटल्या, ‘ते तिकडलं गेलं ना, मग त्याचं वरचं कराडायचं होतं’. तोंड वाकडं नाही, हात लुळा नाही. घरच्यांना वाटलं भ्रम झालाय. पहिल्यांदा जिथे नेलं तिथे झोपेच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी स्कॅन झाला. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला साधारण साडेचार तासांची मुदत असते. चार दिवस! हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पण आज अडकले ते दुसऱ्याच कारणाने. सरांनी चिमट्याचं टोक त्या फांदीखालच्या भागावर ठेवलं आणि म्हणाले, “याच्या आतून दृष्टीचे तंतू पुढे वळसा घेऊन मागे जातात. विरुद्ध बाजूच्या वरच्या कोपऱ्यातलं दिसणं त्यांच्यावर अवलंबून असतं.” डाव्या मेंदूत इजा, म्हणजे उजवीकडचा वरचा कोपरा. हेही मला पाठ होतंच की.

घरी येऊन काकूंची वही काढली. मी उभ्या स्टँडवर चार चित्रं लावते, दोन वर, दोन खाली. ‘कुलूप दाखवा’, ‘छत्री दाखवा’. गेल्या खेपेला वीस वेळा विचारलं होतं. त्यातली पाच चित्रं वर उजवीकडे होती. पाचही चुकली. बाकीच्या पंधरांपैकी दहा बरोबर. खाली माझ्याच अक्षरात शेरा: ‘शब्दाचं आकलन निम्मंच.’ फाईलमधल्या रिपोर्टवर पहिल्या दिवसापासून लिहिलेलं आहे, डावी एमसीए, खालची शाखा.

त्यांना कुलूप हा शब्द कळला असेल. कुलूप दिसलंच नसेल. आणि सूचना देऊन विचारायची सोय नाही, कारण ‘दिसतंय का’ हा प्रश्नच त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही.

उद्या अकराला त्या येतील. आधी काही न बोलता समोर बसणार, माझ्या नाकाकडे बघत असताना चारही कोपऱ्यांत बोट हलवून नजर वळते का ते पाहणार. दृष्टिक्षेत्राच्या तपासणीसाठी चिठ्ठी लिहून ठेवलीय. चित्रं स्टँडवरून काढलीत. टेबलावर आडवी, एकाखाली एक, त्यांच्या डाव्या हाताशी.