कुरियर

कार निकोबार बेटावर आम्ही त्याला विमान म्हणतच नसू. ‘आज कुरियर आहे का?’ एवढंच. चेन्नईच्या तांबरमहून हवाईदलाचं एएन-३२ यायचं, त्यातून माणसं उतरायची, पत्रं उतरायची, कांदे-बटाटे उतरायचे. आमचे हे तिथे रेडिओ फिटर. १९९८ साली आठ महिन्यांच्या लेकीला घेऊन मी त्यातूनच गेले. भिंतीला पाठ लावून कापडी सीटवर बसायचं, मध्ये जाळीनं आवळलेलं सामान. इंजिनांचा आवाज इतका की कानात कापसाचे बोळे घालूनही डोकं घुमायचं. लेकीचा बोळा सारखा पडत होता. समोर बसलेला जवान दर वेळी खिशातून नवा कापूस काढून, नीट वळून माझ्या हातात ठेवायचा. खाली सगळा वेळ नुसतं पाणी.

एकदा हे रजेवरून परत येणार होते आणि कुरियर आलं नाही. दुपार झाली तरी काही कळेना. आम्ही चौघी-पाचजणी क्वार्टरच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. भात केलेला होता, पण कुणी वाढून घेईना. संध्याकाळी निरोप आला, वाटेत ढग दाटले म्हणून विमान मागे फिरलं. ती एकच दुपार, पण आजही आठवली की पोटात गोळा येतो.

२२ जुलै २०१६ ला टीव्हीवर ‘तांबरम’ आणि ‘एएन-३२’ हे शब्द ऐकले आणि मी पोळ्या तशाच टाकून बाहेर आले. सकाळी साडेआठला उडालेलं कुरियर, पोर्ट ब्लेअरला पावणेबाराला पोचायचं होतं. आत २९ जण. नऊ वाजून बारा मिनिटांनी, २३ हजार फुटांवर असताना ते रडारवरून गेलं. आधी डावीकडे वळलं आणि भराभर खाली आलं. “ढग चुकवत असणार,” हे म्हणाले, आणि त्यानंतर रात्रीपर्यंत बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर स्वतः चेन्नईला गेले. जहाजं, विमानं, पाणबुडी लावली. समुद्राचा तळ धुंडाळायला सागर निधी आणि समुद्र रत्नाकर ही जहाजं आणली. पाण्यावर एक फळकूटसुद्धा हाती लागलं नाही.

मी ह्यांना विचारलं, अहो, विमानात यंत्र असतं ना, पडलं की हाक मारणारं? तेव्हा त्यांनी समजावलं. विमानात होतं ते रेडिओवर चालणारं, आणि खाऱ्या पाण्याखालून रेडिओ बाहेर येत नाही. पाण्याखाली आवाज करत राहणारं यंत्र वेगळं, ते ह्या विमानात नव्हतंच. वर्षभर आधी, जून २०१५ मध्ये, तटरक्षक दलाचं डॉर्नियर विमान तमिळनाडूच्याच किनाऱ्याजवळ तिघांसह नाहीसं झालं होतं. त्यात ते यंत्र होतं. पाणबुडीला त्याचा आवाज मिळाला आणि महिन्याभरात साडेनऊशे मीटर खोलीवरून त्याचा फ्लाइट रेकॉर्डर वर आला. समुद्रावरून माणसं नेणाऱ्या प्रत्येक विमानात हे यंत्र असायलाच हवं. मला त्यातलं तांत्रिक फार कळत नाही, पण पायऱ्यांवर बसलेल्या बाईला काय लागतं ते मला कळतं.

१५ सप्टेंबरला घरोघर पत्रं गेली की सगळे मृत समजण्यात येत आहेत. एरवी कायदा बेपत्ता माणसासाठी सात वर्षं थांबायला लावतो, म्हणून पेन्शनच्या दृष्टीनं ते बरंच झालं. पण त्या कागदावरून कुंकू पुसायचं का? वर्षश्राद्धाची तिथी कुठली धरायची? दारात काहीच आलेलं नसताना सासूनं सुनेला काय सांगायचं? हे प्रश्न मी कितीतरी रात्री स्वतःलाच विचारलेत.

१२ जानेवारी २०२४. मी संक्रांतीच्या तिळगुळासाठी पाक ठेवला होता. लेकीनं फोनवर बातमी पाठवली. राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं माणसाशिवाय चालणारं एक यान त्याच जागी खाली सोडलं होतं आणि त्यानं तळाचे फोटो काढले. चेन्नईपासून १४० नॉटिकल मैल, खोली ३,४०० मीटर. अवशेष एएन-३२ शी जुळतात, आणि त्या भागात दुसरं कुठलंही विमान हरवल्याची नोंद नाही.

ह्यांनी चष्मा लावला आणि फोटो दोन बोटांनी मोठा करत राहिले. करडा गाळ आणि त्यात वेडेवाकडे तुकडे. मी गॅस बंद करून शेजारी बसले. पाक केव्हाच पुढे गेला होता.

“सापडलं तरी,” मी म्हटलं.

ते म्हणाले, “मस्कतचं राहिलंच.” आधी मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. २५ मार्च १९८६, सोव्हिएत रशियातून आणलेलं नवंकोरं एएन-३२, मस्कतहून जामनगरला निघालेलं. आत सात जण. अरबी समुद्रावर गेलं ते गेलंच, आजवर काही मिळालेलं नाही. ह्यांची नोकरी तेव्हा नवी होती. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.