आमची वाटचाल: अक्कलकोट रोड ते मुलकीचा किनारा

आमचे आजोबा जुन्या मिलमध्ये विणकर होते. वडिलांनी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे चार माग टाकले, मी ते बारावर नेले. शहराच्या पूर्व भागात घरोघरी हीच गोष्ट आहे, त्यामुळे ती इथंच सोडतो. आमचं वेगळं काही सुरू झालं ते 2015 साली, आणि तेही मेव्हण्यामुळे.

मेव्हणा मंगळूरला नोकरीला. सुटीच्या दिवशी जवळच्या किनाऱ्यावर, मुलकीला जायचा. 'सर्फिंग स्वामी' जॅक हेबनर यांनी तिथं 2004 साली मंत्रा सर्फ क्लब सुरू केला, तेव्हापासून त्या गावात लाटेवर स्वार व्हायला फळी घेऊन समुद्रात जाणारी पोरं दिसू लागली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, ही पोरं पाण्यातून बाहेर येऊन टॉवेल गुंडाळून कपडे बदलतात, निम्मा वेळ टॉवेल सांभाळण्यात जातो. मुलींची तर फारच पंचाईत. टोपीवाला, डोक्यातून घालायचा टॉवेल करा की." असा पोंचो परदेशात मिळतो, महाग मिळतो. आम्ही म्हणालो, टॉवेल तर रोज विणतोय, दोन शिवणी मारल्या की झालं.

दोन शिवणी मारल्या की झालं, या एका वाक्यानं मला जवळजवळ रस्त्यावर आणलं.

पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मुलकीचे अण्णा. त्यांची छोटी सर्फ शाळा. शांभवी आणि नंदिनी या नद्या ससिहित्लूजवळ एकत्र येऊन समुद्राला मिळतात, त्या मुखाशी वाळूचे दांडे तयार होतात आणि लाट तिथं फुटते. पाऊस संपला की दांडा जागा बदललेला असतो, अण्णा मग आठवडाभर नुसते बघत बसतात. 2016 च्या मे महिन्यात तिथं इंडियन ओपन ही सर्फिंगची स्पर्धा झाली, त्यानंतर शिकणारे वाढले. पुढच्या वर्षी अण्णांनी 300 पोंचोंची ऑर्डर दिली, मरून रंगात. ॲडव्हान्स दिला निम्मा. आमच्या धंद्यात निम्मा ॲडव्हान्स देणारा माणूस दाखवा!

माल सप्टेंबरअखेर पोचला. दहाव्या दिवशी अण्णांचा फोन. शिव्या नाहीत, काही नाही. "मालक, बोर्ड गुलाबी झाले." ओले पोंचो पोरांनी पांढऱ्या फळ्यांवर टाकले, खारं पाणी झिरपलं आणि मरून रंग फळीवरच्या मेणात जाऊन बसला. पाय घसरू नये म्हणून सर्फर फळीवर मेण चोळतात, ते खरवडून काढल्याशिवाय रंग निघेना.

त्या रात्री मी डाइंगवाल्याकडे गेलो. नाव घेत नाही, माणूस अजून धंद्यात आहे. रिॲक्टिव्ह रंगात जो रंग धाग्याला धरत नाही तो उकळत्या साबणाच्या पाण्यात धुऊन काढावा लागतो. हे सोपिंग दोनदा हवं होतं. यानं कोळसा वाचवायला एकदा केलं, तेही कोमट. मला म्हणतो, "टॉवेलला कोण एवढं बघतं ओ?" घरातल्या बादलीत खरंच कोण बघत नाही. समुद्र बघतो.

बँकेचा हप्ता, सूतवाल्याचे पैसे, कामगारांची दिवाळी. चार माग विकले. मेव्हण्याची भागीदारीही तेव्हाच संपली. तो बोलला नाही काही, पण त्याच्या घरी दोन दिवाळ्या आम्ही गेलो नाही.

मी शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचा डबा घेऊन, बस बदलत मुलकीला गेलो. माझी सोलापुरी कन्नड ऐकून अण्णा आधी पोटभर हसले. मग पहाटे पाण्यात उभं केलं, छातीपर्यंत. शाळेत भूगोलात मतलई वारे पाठ केले होते, ते पाठीला लागले तेव्हा कळले. पहाटे जमिनीकडून येणारा हा वारा लाटेचं तोंड गुळगुळीत ठेवतो. ऊन चढलं की खारे वारे सुटतात आणि सगळं पाणी विस्कटतं, म्हणून शिकवणी सकाळीच. अण्णा दोन लाटांमधले सेकंद मोजत होते. "चौदा आले तर लांबून आली, दक्षिणेच्या महासागरातून. सहा-सात आले तर इथल्याच वाऱ्याची खळखळ." पावसाळ्यात लाट मोठी, पण वेडीवाकडी, नवशिक्याला सोडत नाहीत.

आणखी एक गोष्ट तिथं कळली. माझा पोंचो 500 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 500 ग्रॅमचा होता, जाडजूड, मला अभिमान होता. सोलापूरच्या कोरड्या हवेत तो तासाभरात वाळायचा. मुलकीत दुसऱ्या दिवशीही दमट, आणि वास.

अण्णांनी पैसे परत मागितले नाहीत. "पुन्हा करा, मी थांबतो," एवढंच.

परत येऊन जॉबरला, म्हणजे माग लावणाऱ्या कारागिराला घेऊन बसलो. टेरीत, म्हणजे टॉवेलच्या फेरवाल्या कापडात, उभ्या धाग्यांचे दोन बीम (रूळ) असतात, खालचा ताणलेला, वरचा ढिला. दोन बाणे, म्हणजे आडवे धागे, फणी लांबच ठेवते, तिसऱ्याला तिन्ही मिळून ठोकते, तेव्हा ढिला धागा फेर धरून उभा राहतो. हा फेर आम्ही बुटका केला, वजन 350 वर आणलं. बाहेरची बाजू कातरून मखमली केली, कारण उभ्या फेरात वाळू अडकते, कातरलेल्यावरून झटकली जाते. आतली बाजू तशीच, पाणी तिथंच टिपायचं असतं. आणि रंगाची परीक्षा मी स्वतः करतो: लिटरभर पाण्यात 35 ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतकं, त्यात रंगीत तुकडा पांढऱ्या टेरीला शिवून रात्रभर. सकाळी पांढरा पांढराच हवा. बायको म्हणते, स्वयंपाकघरातलं निम्मं मीठ कारखान्यात जातं.

2018, 2019 बरी गेली. लॉकडाऊनमध्ये किनारे बंद, आम्हीही बंद. 2021 च्या जुलैत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा सर्फिंग झालं, टीव्हीवर ते बघून आमच्या कामगारांना कळलं आपण काय शिवतो ते.

ऑर्डरी वाढल्या आणि आमच्याच गल्लीतल्या एकाला जाग आली. माझ्याकडून दोन पोंचो 'पुतण्यासाठी' म्हणून घेऊन गेला. तीन महिन्यांत तोच कट, तीच टोपी, तोच खिसा, पण बाहेरून आणलेल्या पॉलिस्टरच्या मायक्रोफायबरचा. वर लेबल 'सोलापुरी'! सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ते काय पॉलिस्टरला चिकटवायला मिळवलंय का? त्याचा माल लवकर वाळतो, वाळूही पडते, हे मी मान्य करतो. पण ओल्या अंगाला तो चिकटतो, आणि आत कपडे बदलायचे म्हणजे कसरत. दोन शाळा त्यानं माझ्याकडून ओढल्या, दर जवळजवळ निम्मा लावून. अण्णांकडेही गेला होता. अण्णांनी त्याला चहा पाजला, तेवढंच.

आता घेणाऱ्यांना सांगतो. पोंचो हातात घेऊन नुसतं वजन बघू नका, थेंब टाकून बघा, लगेच आत जातो का. कंडिशनर कधीही घालू नका, टेरीचं पाणी टिपणं मरतं. पहिल्या दोन धुण्यांआधी तक्रार करू नका. आणि तरुण पोरांनो, मेव्हण्याशी भागीदारी करायची तर कागद करा.

आता मी सोलापुरात बसून फोनवर मुलकीची लाट बघतो. ऑगस्टमध्ये ऑर्डर घेतो, सप्टेंबरअखेर माल पोचवतो. अण्णांच्या शाळेच्या भिंतीवर एक गुलाबी डाग पडलेली फळी टांगली आहे. काढा म्हटलं तर काढत नाहीत.

गेल्या महिन्यात गल्लीतल्या त्या माणसाचा पोरगा आला. आता कॉटनमध्ये करायचंय म्हणाला, डाइंग कुणाकडे देता, काका? मी पत्ता दिला, खरा दिला. सोपिंग किती वेळा, ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.